मायच्या जात्याचा टक

आमच्या रेकॉर्डवर चर नव्हती. हे मी एकसष्ट सालापासून सांगून राहिली, अन् अजूनही कोणी "इंदूबाई, तुमच्या त्या ओव्यांच्या रेकॉर्डले जराशी चर पडली होती, नाही?" असं म्हटलं की माझ्या अंगाची लाही लाही होते. चर नव्हती बापा, टक होता! चर म्हणजे तबकडीवरचा ओरखडा, टक वेगळा. बसा, सांगते.

आमचे हे म्हणजे शेषराव. पहिले नवऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटे. आता दोघांचेही केस पिकले, लाज कशाची? छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो अन् दोन महिन्यांत यांनी अकोल्याच्या जुन्या शहरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चाले. पण रेडिओ नुसता बोलला म्हणजे झालं, असं या माणसाचं नव्हतं. "बोलून राहिला, पण कसा? नाकात!" गिऱ्हाईक म्हणे, "राहू द्या भाऊ, बातम्याच तं ऐकायच्या." हे म्हणत, "बातम्या सांगणाऱ्याले पडसं झालं असं वाटते, ते चालते का तुमाले?" अन् जोडलेला रेडिओ पुन्हा खोलून बसत. गिऱ्हाईक बाकड्यावर बसून जांभया देई.

एकोणसाठ साली यांनी मुंबईहून एक वापरलेलं टेपचं मशीन आणलं अन् चक्क रेकॉर्डची कंपनी काढली. कंपनी म्हणजे हे अन् मी. नाव ठेवलं 'मोर्णा', आमच्या नदीचं. मी सातवी पास, अक्षर बरं, म्हणून पत्रं माझ्याकडे. लेबलावरचं कापसाचं बोंडही मीच काढलं. लोकायले तो कांदा वाटे, तो भाग सोडा. आवाज आमी इथं टेपवर भरायचा, टेप कलकत्त्याच्या कारखान्यात पाठवायची, तिथून तबकड्या छापून यायच्या. पहिली रेकॉर्ड भीमगीतांची केली. गाणं चांगलं, गाणारे चांगले, पण यांचं तोंड वाकडं. "भिंतीचा आवाज येऊन राहिला," म्हणत. मी म्हटलं, "अजी, भिंत कधी बोलते का?"

बोलते, हे मले पुढे समजलं. यांचा मावसभाऊ बुधाजी जिनिंगच्या गोदामावर चौकीदार होता. त्याचा रेडिओ द्यायले हे गेले अन् पळत घरी आले. "इंदू, गोदामात टाळी वाजवली, तं वाजली अन् जागच्या जागी मेली!" मले वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. मंग त्यांनी मले तिथं नेऊन उभं केलं. चारी बाजूंनी रुईच्या गाठी, छतापर्यंत. टाळी वाजवली की नुसती टाळीच ऐकू येई, तिच्या मागं काही नाही. घरात आवाज भिंतीवर आपटून परत येते. रुई तो पिऊन टाकते. मुंबईवाल्यांनी अशा खोलीसाठी पाण्यासारखा पैसा ओतला असता. आमाले ती रविवारी, जिनिंग बंद असताना, बुधाजीच्या मेहरबानीनं फुकटात भेटली.

आता तिथं गाणार कोण? मी म्हटलं, जाईबाई.

जाईबाई आमच्याच गल्लीतली, पन्नाशीची, काटक बाई. गल्लीत पिठाची गिरणी आली होती, सगळ्या बायका डबे घेऊन तिकडे रांगेत; ही एकटी पहाटे जात्यावर बसे. तिचा आवाज गोड होता असं नाही म्हणणार मी. गोड म्हणजे काय, जिलबी आहे का? खरा होता. ऐकताना हातातलं काम थांबे.

मी विचारलं तं म्हणाली, "गाईन. माही एकच अट हाय. तुमची तबकडी पातूरले वाजली पायजे."

पातूरले तिचा धाकटा भाऊ पुंजाजी. सख्खा, पाठचा, अन् सहा वर्षं बोलत नव्हता. कारण काय, तं फेटा! जाईबाईच्या पोरीच्या, शालूच्या लग्नात पाव्हण्यायले फेटे बांधले, वरबापाले बांधला, बँडवाल्यालेही बांधला, अन् नवरीच्या मामाचा फेटा पेटीत तसाच राहिला. जाईबाईचा नवरा देवराव, गरीब माणूस, विसरला बिचारा. मामा बोडक्या डोक्यानं मांडवात उभा. अक्षता पडल्या अन् पुंजाजी जेवणाच्या पंगतीतून उठून गेला तो गेलाच. देवराव दोनदा माफी मागायले गेला, दोन्हीदा दारातून परत. दर आठवड्याले पुंजाजीची बैलगाडी अकोल्याच्या बाजारात येई, जाईबाईच्या दारावरून जाई, अन् हा बुवा मान दुसरीकडे वळवून बसे. मान अवघडली असंल त्याची, पण वळवली नाही. जाईबाई दारात उभी राही, गाडी दिसेनाशी झाली की आत जाई. मी समोरच राहते, मी पाहिलं आहे.

"रेकॉर्डनं येईल का तो?" मी विचारलं.

"माहं तोंड पाहत नाही," ती म्हणाली. "आवाज तं कानात शिरन."

फेब्रुवारीतला रविवार ठरला. गोदामात मधोमध माइक, हे मशीनजवळ, जाईबाई पोत्यावर मांडी घालून. यांनी बोट वर केलं, म्हणजे गा. जाईबाई गप्प. पुन्हा बोट. गप्प.

"काहून हो, घसा बसला का?"

"जातं कुठी हाय?" ती म्हणाली. "हात फिरल्याबिगर ओवी येत नाही. ओवी का डोक्यात असते?"

यांचा जीव घाबरा झाला. जात्याची घरघर म्हणजे यांच्या स्वच्छ आवाजाचं वाटोळं. तरी हातगाडीवर जातं आलं. हे म्हणाले, दाणे नका घालू, आवाज कमी येईल. जाईबाईनं असे डोळे वटारले की मीच दोन पावलं मागं सरकली. रिकामं जातं फिरवत नसतात, घरातलं धान्य आटते, हे या शहाण्याले कोणी सांगितलं नव्हतं. मंग ज्वारी आली. जातं सुरू झालं, अन् हे मशीनवरून ताडकन उठले.

"हे काय वाजून राहिलं? टक... टक..."

जात्याच्या खालच्या दगडाचा एक टवका उडालेला होता. खुंटा एका जागी आला की वरचा दगड हलके आदळे अन् टक होई. दर फेऱ्याले एकदा.

"जाईबाई, दुसरं जातं आणू. शेजारच्या सुंदराबाईचं चांगलं आहे."

"हे माह्या मायचं जातं हाय. माय गेली तवा पुंजानं सोता गाडीत घालून आणून देलं. गाईन तं याच्यावर, नाही तं राम राम."

हे माझ्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय पाहता? मी का जातं आहे?" शेवटी हरले. माइक इंचभर इकडे, इंचभर तिकडे, जात्याखाली गोणपाट, वर एक गोधडी, असं करत दुपार केली. टक काही गेला नाही. मंग मशीन सुरू केलं. जात्यानं लय धरली, जाईबाईचे डोळे मिटले, अन् ओवी आली:

पातूरची बैलगाडी, गेली माह्या दारावून
पुंजाजी बंधू माहा, गेला रे न पाहून

तीन मिनिटं. बुधाजी दारात उभा राहून नाक पुसत होता, म्हणे रुईचे तंतू गेले नाकात.

जूनमध्ये तबकड्या आल्या. आमच्या ओट्यावर ग्रामोफोन लावला, नवी सुई घातली, गल्ली गोळा झाली. मी तुमाले सांगते, अंगावर काटा आला. तबकडीवर जाईबाई नव्हती, जाईबाई समोर बसली होती. बांगड्या वाजत होत्या. ती श्वास घेई तो ऐकू येई. सुंदराबाई म्हणाली, "अगं माय, ज्वारी हाय ही, ज्वारीच भरडून राहिली." जाईबाई स्वतः तोंडाले पदर लावून म्हणाली, "मी अशी गातो? मंग पहाटेच लोक भांडायले येत कसे नाहीत?" सगळे हसले.

आमी तबकड्या अमरावतीच्या एका दुकानदाराले दिल्या, मुंबईले दिल्या, अन् अटीप्रमाणे एक पातूरच्या हॉटेलवाल्याले फुकट पाठवली.

पंधरा दिवसांत अमरावतीची पेटी परत. चिठ्ठी: 'सर्व प्रतींवर चर आहे. टकटक वाजते. गिऱ्हाईक घेत नाही.' हे जेवले नाहीत त्या दिवशी. मुंबईहूनही तसंच एक पत्र आलं. दिघे म्हणून तारखात्यातले निवृत्त साहेब होते, दादरले राहत. घरी स्वतः बांधलेली भली मोठी ध्वनियंत्रं, अन् दर रविवारी त्यांच्यासारखेच कानवेडे सात-आठ जण रेकॉर्डी ऐकायले जमत. त्यांनी लिहिलं होतं, आवाज असामान्य आहे, पण चरेमुळं रसभंग होतो.

मंग मात्र माझं डोकं फिरलं. यांना म्हटलं, तुमी उपाशी बसा, मी लिहिते. अन् लिहिलं: 'साहेब, तबकडी मिनिटाले अठ्ठ्याहत्तर फेरे घेते. चर असती तं अठ्ठ्याहत्तर वेळा वाजली असती. घड्याळ लावून मोजा. पस्तीस भरतील. ओवी रंगात आली की तीस, कारण बाईचा हात हळू होतो. चर कधी ओवी ऐकून हळू होते का? ते जातं आहे. त्याचा टवका उडालेला आहे. कळावे.' अमरावतीलेही हेच पाठवलं, थोडं जास्त तिखट करून.

दिघे साहेबांचं उत्तर चार पानी. म्हणे, आमी सगळेच घड्याळ घेऊन बसलो, मोजलं, अन् मी माझ्या यंत्रापुढं हात जोडले. अशी रेकॉर्ड या देशात आपण ऐकली नाही. कोणत्या खोलीत भरली, कोणता विलायती माइक? आमी काय सांगणार, रुईत भरली! त्यांनी मुंबईच्या पेपरात लिहिलं. मंग मुंबईत, पुण्यात अशी टूम निघाली की कोणी नवं यंत्र घेतलं की त्याच्यावर 'मोर्णा'ची ओवी लावायची. जात्याची घरघर अन् टक वेगवेगळे ऐकू आले तं यंत्र खरं. एकात एक मिसळले तं यंत्र परत करा. पैजा लागत, दळण कशाचं आहे म्हणून. पुण्याच्या एका विद्वानानं गहू सांगितला. अमरावतीच्या दुकानदारानं गपचूप दुप्पट मागवल्या. कलकत्त्याले पुन्हा छापायले टाकल्या, तेव्हा हे असे चालत जसा काही टक यांनीच बनवला.

सगळा आनंदीआनंद. फक्त पुंजाजीची गाडी दर आठवड्याले तशीच जाई. मान वळलेली.

दिवाळीच्या आधी बुधाजी पातूरले लेणी पाहायले गेला होता, तो आमच्या ओट्यावर येऊन सांगू लागला. "वहिनी, हॉटेलात तुमची रेकॉर्ड लागली होती. पुंजाजी बसला होता. लोक म्हणाले, 'ऐका गा, तुमचं नाव आलं.' तो म्हणे, 'वऱ्हाडात पुंजाजी पन्नास असतील.' चहा संपवला अन् गेला. अन् आवाजही कसला हो, बाई मडक्यात तोंड घालून गाऊन राहिली असं वाटे."

मी मान वर केली तं समोर जाईबाई तिच्या दारात. तिनं सगळं ऐकलं होतं. आत गेली, जात्यावर गोणपाट टाकलं, अन् दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभी राहिली. पहाटे मले जाग आली अन् गल्लीत काहीच वाजत नव्हतं. मले रडू आलं, खोटं कशाले सांगू.

मी यांना विचारलं, "मडक्यातला आवाज कसा काय?" हे म्हणाले, "सुई. एका बाजूले एक सुई, असा नियम आहे. हॉटेलवाले एकच सुई महिनाभर घासतात. बोथट सुईनं गाणं तेवढं ऐकू येते, बारीक आवाज सगळे मरतात."

"म्हणजे त्यानं जाईबाईले ऐकलंच नाही!"

सकाळच्या मोटरनं मी पातूरले. पिशवीत सुयांची डबी. हॉटेलवाल्याले म्हटलं, "दादा, आमच्या मोर्णाची अशी बेइज्जती करता? फुकट दिली म्हणून?" तो बिचारा गांगरला. मी स्वतः जुनी सुई काढली. ती सुई नव्हती, खिळा होता. तबकडी लुगड्याच्या पदरानं पुसली. पुंजाजी कोपऱ्यात बसला होता, बशीत चहा ओतून. मले ओळखलं अन् मान वळवली. वळव म्हटलं, कान कुठं वळवशील?

नवी सुई टेकवली.

जातं फिरलं. घरघर, बांगड्या, अन् टक. हॉटेलातले लोक बोलायचे थांबले. टक. ओवी अजून सुरूही झाली नव्हती अन् पुंजाजीची बशी हातात तशीच राहिली. टक. चहा धोतरावर सांडला, त्याले समजलं नाही.

"हे मायचं जातं हाय," तो म्हणाला.

"हो. अन् नाव..."

"नाव राहू द्या हो बाई!" तो एकदम मोठ्यानं बोलला. "नाव कोणतीबी बहीण घेते. हा टक माहा हाय. मी सहा वर्षांचा होतो. वरवंटा घेऊन जात्यावर चिंचोके फोडले, टवका उडाला. माय आली, हातात फोक. बाई, माही बहीण, पुढं झाली. म्हणे, माय, म्या फोडलं. तिले मारलं मायनं, लय मारलं. मी कणगीमागं लपून पाहत होतो. कधी सांगितलं नाही कोणाले. तिनंबी नाही."

तबकडीवर जाईबाई गात होती, बंधू माहा, बंधू माहा. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस लेकरासारखा रडला, भर हॉटेलात. मीही रडली. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

"मोटर कधी हाय?" त्यानं विचारलं. घरी सांगायलेही गेला नाही. तसाच, चहाच्या डागाचं धोतर, माझ्यासंगं मोटरीत बसला. वाटेत एकदाच बोलला, "तुमच्या यंत्रानं बरं पकडलं हो." मी म्हटलं, हे आमच्या घरी येऊन सांगा, त्यांचं महिनाभर पोट भरंल.

जाईबाई दाणे निसायले बसली होती. पुंजाजी दारात उभा राहिला. तिनं पाहिलं. सुपातले दाणे सुपात राहिले. मले वाटलं आता गळ्यात पडतील. पण ती उठली, मागच्या खोलीत गेली, पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली ती हातात फेटा. गुलाबी, घडी न मोडलेला, सहा वर्षांचा. देवराव कोपऱ्यात अंग चोरून उभा.

"पहिले डोकं पुढं कर," ती म्हणाली. "मंग रड."

तो खाली बसला, जात्याजवळच. ती फेटा बांधू लागली. बाईमाणसानं फेटा बांधायचा म्हणजे काय, वाकडातिकडा. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, तू मायजवळ खोटं काहून बोलली व त्या दिवशी?"

"लहान होता तू. मार सोसला नसता."

"अन् लग्नात रुसून गेलो, तवा? तवा का लहान होतो मी?"

जाईबाईनं फेट्याचा शेवटचा पदर खोचला, जरा मागं सरून त्याच्याकडे पाहिलं, अन् पहिल्यांदा हसली.

"तवाबी लहानच होता."